चिंचोक्यांचा भोपळा

राजारामपुरीतल्या मुलींच्या शाळेत धोंडुबाईला कामावर कुणी घेतलं, याचा कागद शाळेच्या दप्तरात शोधूनही सापडला नसता. संस्थानी अमलात कधीतरी ती वर्ग सारवायला म्हणून आली आणि मग गेलीच नाही. तीन हेडमास्तर बदलले, कंदिलाच्या जागी विजेचा दिवा आला, संस्थान विलीन झालं. धोंडुबाई मात्र रोज गडमुडशिंगीहून दोन कोस चालत यायची, झाडायची, पाणी भरायची, आठवड्याला वर्ग सारवायची आणि घंटा द्यायची. नवरा केरबा गुळव्या होता. काहिलीतला उसाचा रस नेमका कोणत्या घडीला उतरवायचा, हे ठरवणारा माणूस. घटकाभर उशीर झाला की गूळ करपतो, म्हणून गुळव्याच्या नजरेला मान. धोंडुबाईची नजर त्याच घरातली, पण तिला मान द्यायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. सारवणारी बाई ती, तिच्या नजरेला कोण विचारतो.

शाळा भरायची आणि सुटायची घंटा हेडमास्तर सांगतील तेव्हा व्हायची. दुपारची लहान सुट्टी मात्र धोंडुबाईची होती. चौथीच्या वर्गात एका कौलाचा टवका उडाला होता. त्या भोकातून उन्हाचा रुपयाएवढा कवडसा जमिनीवर पडायचा आणि पश्चिमेच्या भिंतीकडून पूर्वेकडे सरकत जायचा. मुलींच्या दोन रांगांमधून दाराकडे जाणारी सरळ दक्षिणोत्तर वाट होती. कवडसा त्या वाटेवर आला की धोंडुबाई उठायची आणि आवारातल्या कडुलिंबाला टांगलेल्या रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर हातोडी हाणायची. वीस वर्षांत तिची ही घंटा चुकली असं कुणी म्हटलं नव्हतं, कारण पडताळून पाहायला दुसरं काही नव्हतंच. हेडमास्तरांच्या खिशात घड्याळ असायचं, पण ते बहुतेक शोभेलाच.

एकोणीसशे पन्नासच्या दिवाळीनंतर नव्या सरकारकडून शाळेला दोन गोष्टी मिळाल्या. एक भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ आणि दुसरी शिपायाच्या जागेची मंजुरी. हेडमास्तर अण्णाप्पा सीमेकडचे, शिस्तीचे, आवाजानं मोठे आणि मनानं सरळ. त्यांनी घड्याळ आपल्या हातानं चौथीच्या वर्गात टांगलं आणि पहिल्याच दिवशी धोंडुबाईला पकडलं. ती रुळावर हातोडी मारत होती तेव्हा घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि लहान सुट्टी होती साडेबाराची.

"दहा मिनिटं आधी," ते म्हणाले. "म्हणजे वीस वर्षं तू चुकीचीच घंटा दिलीस की गं."

सगळ्या शिक्षिकांसमोर, मुलींसमोर ते बोलले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण शब्द लागायचा तिथं लागला. वीस वर्षं माणूस एकच काम चोख करतो आणि त्याला एका वाक्यात चुकीचं ठरवतात, तेव्हा आत काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. धोंडुबाई रडणाऱ्यांतली नव्हती. तिनं भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमचं घड्याळ खोटं बोलतंय, गुरुजी."

अण्णाप्पा हसले. मग त्यांनी पैज लावली. शिपायाची जागा त्यांना कुणा शिकलेल्या माणसानं भरायची होती आणि घंटाही त्याच्याकडेच द्यायची होती. ते वर्षभर थांबायला तयार झाले. वर्षात घड्याळ खोटं ठरलं तर घंटा जन्मभर धोंडुबाईची. खरं ठरलं तर घंटा शिपायाकडे जाणार आणि धोंडुबाईनं झाडू-सारवण तेवढं सांभाळायचं. तोवर घंटा घड्याळाप्रमाणेच द्यायची. लांब काटा सहावर आला की साडेबारा, एवढं त्यांनी तिला शिकवलं.

धोंडुबाईला अक्षरओळख नव्हती, पण चोर कसा धरायचा ते कळत होतं. चोराच्या पावलावर खूण करून ठेवायची. वर्षानं त्याच दिवशी, त्याच वेळेला कवडसा त्या खुणेवर आला नाही, तर घड्याळ खोटं. दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होती. तिनं साडेबाराची घंटा दिली, मुली बाहेर गेल्या, आणि कवडसा जिथं पोचला होता तिथं, वाटेच्या वीतभर पुढं, ओल्या सारवणात तिनं कनवटीचा एक चिंचोका अंगठ्यानं दाबून बसवला. मग दर आठवड्याला, सारवायच्या दिवशी, घंटा झाली की एक चिंचोका. जुन्या चिंचोक्यांभोवती ती बोटाच्या टोकानं सारवायची, एकही हलू द्यायची नाही.

महिनाभरात कवडसा मागं सरकत सरकत साडेबाराला नेमका वाटेवर येऊ लागला. अण्णाप्पा खूश झाले. म्हणाले, घड्याळाशी जमवून घेतलं शेवटी तुझ्या सूर्यानं. पण पुढच्या महिन्यात तो वाटेच्याही अलीकडे राहिला. आधी मागं पडणारं घड्याळ आता पुढं पळायला लागलं, हे कसलं घड्याळ, हा तर दारुडा, असं धोंडुबाईनं केरबाला सांगितलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तिनं चिंचोक्याऐवजी सुगडातल्या बोराची बी बसवली. करीच्या दिवशी चांगलं काम कुणी काढत नाही. पण खोटं धरायचं काम करीलाच बरं, असं तिचं म्हणणं.

त्याच सुमारास चौथीवर श्यामलाबाई नावाच्या नव्या शिक्षिका आल्या. ट्रेनिंग नुकतंच संपलेलं, हौस दांडगी. एके दिवशी त्यांनी खिडक्या लावून कंदील पेटवला, लिंबात दाभण खुपसलं आणि ते कंदिलासमोर फिरवून दिवस-रात्र कशी होते ते दाखवलं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही फिरते. सूर्य म्हणजे एक ताराच, जवळ असल्यामुळे मोठा दिसणारा. एका मुलीनं विचारलं की जातं फिरलं की पीठ बाहेर उडतं, मग पृथ्वी फिरताना आपण का उडत नाही. बाईंनी हातातला डस्टर सोडून दिला. पृथ्वी सगळ्यांना आपल्या मध्याकडे ओढून धरते, म्हणून कुणी उडत नाही आणि सोडलेली वस्तू सरळ खालीच येते, असं त्या म्हणाल्या.

दाराशी उभ्या असलेल्या धोंडुबाईला हे पटलं. कौलाच्या त्याच भोकातून पावसाळ्यात गळायचं आणि थेंब वीस वर्षं एकाच जागी पडायचा. जमिनीला तिथं वाटीएवढा खळगा झाला होता. ती दर दिवाळीला बुजवायची, आषाढात पुन्हा व्हायचा. पण मग तिला दुसरंच सुचलं आणि तिनं भर वर्गात विचारलं, "बाई, भोक तेच. पाणी कधी जागा सोडत न्हाय. मग ऊन का सोडतंय?"

उत्तर-दक्षिण सरकण्याचं कारण श्यामलाबाईंना सांगता आलं. पृथ्वी कललेली आहे, त्यामुळं हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो आणि कवडसा उत्तरेला लांब पडतो, उन्हाळ्यात जवळ येतो. पण साडेबाराच्या ठोक्याला तो वाटेच्या कधी या बाजूला, कधी त्या बाजूला का, हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं. त्यांनी सरळ सांगितलं की मला माहीत नाही, विचारून सांगते. त्यांनी आपल्या जुन्या प्राध्यापकांना पत्रही टाकलं, पण उत्तर आलं नाही. धोंडुबाईला त्याचं काही वाटलं नाही. 'माहीत नाही' म्हणणारी शिक्षिका तिनं वीस वर्षांत पहिल्यांदा पाहिली होती, आणि त्या दिवसापासून श्यामलाबाईंच्या माठात पाणी सगळ्यांत आधी भरलं जाऊ लागलं.

पावसाळ्यात ऊन नशिबानं मिळायचं, चिंचोके विरळ झाले. एक तर गळक्या भोकाखालीच आला होता, त्याला चक्क कोंब फुटला. मुलींना हसू आवरेना. धोंडुबाईनं तो उपटून शाळेच्या कुंपणाला लावला आणि पुढचे चिंचोके घरून भाजून आणले. भाजलेला चिंचोका उगवत नाही, आणि भूक लागली तर खाताही येतो.

दिवाळीपर्यंत वर्गाच्या जमिनीवर एक आकार दिसायला लागला. उत्तरेला मोठा फुगवटा, मध्ये चिंचोळी मान, दक्षिणेला लहानसा फुगवटा. दहा-अकरा फूट लांब. मुलींनी त्याला दुध्या भोपळा म्हणायला सुरुवात केली. गणितात भोपळा मिळालेल्या मुलीला मुद्दाम त्याच्याजवळ बसवायचे.

आणि त्रिपुरी पौर्णिमा आली. वर्ष झालं होतं. धोंडुबाईनं अण्णाप्पांना, सगळ्या शिक्षिकांना वर्गात बोलावलं. घड्याळात साडेबारा झाले. पहिला चिंचोका जिथं होता तिथं कवडसा आलाच नाही. तो वीतभर दक्षिणेला, शिवाय दोन बोटं पूर्वेला पडला होता. तोच सण, तीच वेळ, तेच भोक आणि खूण मात्र चुकलेली. धोंडुबाईनं वीत मांडून दाखवली.

अण्णाप्पा शब्दाचे पक्के. त्यांनी तिथल्या तिथं कबूल केलं की घड्याळ खोटं ठरलं, घंटा धोंडुबाईची. घड्याळ त्यांनी घड्याळजीकडे पाठवलं. घड्याळजीनं चार दिवस ठेवून घेतलं, रेडिओवरच्या वेळेशी ताडून पाहिलं आणि यात काहीच बिघाड नाही असं सांगून परत दिलं. अण्णाप्पांनी ते पुन्हा टांगलं, पण त्याच्याकडे पाहणं सोडलं. धोंडुबाई कवडसा वाटेवर आला की घंटा देऊ लागली, पहिल्यासारखी. त्या दोन महिन्यांत ती जरा ताठ चालायची असं बघणारे सांगायचे. तिचा हक्क तिला परत मिळाला होता; का चालू नये ताठ?

मग संक्रांत झाली. दुसऱ्या दिवशी, करीला, ती वर्गात सारवायला बसली होती. मुली मैदानात कवायतीला गेल्या होत्या. सवयीनं तिची नजर भिंतीवर गेली. लांब काटा सहावर येत होता. मग नजर जमिनीवर गेली. कवडसा बोराच्या बीवर होता.

बीच्या जवळ नव्हे, बीवरच. गोल उन्हाच्या बरोबर मध्ये ती तपकिरी बी. धोंडुबाई हात शेणात तसाच ठेवून बघत राहिली. काटा पुढं गेला तसा कवडसाही बीवरून उतरला.

दुसऱ्या कुणी हे पाहिलं नव्हतं. ती गप्प राहिली असती तर घंटा मरेपर्यंत तिची होती. तिनं संध्याकाळी गुऱ्हाळावर जाऊन केरबाला सांगितलं. गुऱ्हाळाचे दिवस, काहील चढलेली. तो ढवळता ढवळता म्हणाला की काहील एकदा उतरली म्हणजे उतरली, मागं वळून कशाला बघतीस. शहाण्या नवऱ्यानं दिलेला शहाणा सल्ला. तिनं ऐकून घेतला.

सकाळी मात्र तिनं श्यामलाबाईंना गाठून विचारलं की त्रिपुरी पुनव दर साली एकाच तारखेला येते का. बाईंनी जुनी आणि नवी कॅलेंडरं काढली. मागल्या खेपेला चोवीस नोव्हेंबर, यंदा तेरा. अकरा दिवसांचा फरक. सण चंद्राच्या हिशेबानं येतात, बाईंनी सांगितलं, म्हणून मागं-पुढं होतात. "आनि संक्रांत?" संक्रांत तेवढी सूर्याची. दोन्ही वर्षी चौदा जानेवारी.

धोंडुबाई उंबऱ्यावर बसली. खूण चुकली नव्हती, ती स्वतःच चंद्राच्या दिवसावर सूर्य शोधायला गेली होती. आख्ख्या शाळेनं तिच्या शब्दावर विश्वास ठेवून तीच चूक केली होती. आता ती चूक तिला एकटीला कळली होती, आणि श्यामलाबाईंना अजून पुरती उमगायची होती. मग ती उठली, लिंबाखाली ठेवलेली हातोडी पदरानं पुसली आणि हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन टेबलावर ठेवली.

"मी चुकलो, गुरुजी. घड्याळ खरं हाय."

अण्णाप्पांना काही कळेना. तिनं सगळं सांगितलं. पौर्णिमेचं, करीचं, बोराच्या बीचं. ते म्हणाले की एकदा जुळलं म्हणून काय झालं, वर्षभर तर ते कवडशाशी फटकूनच वागलं, कधी पुढं, कधी मागं. त्यावर ती म्हणाली, "खोटं बोलणारा मानूस वरसानं तेच खोटं त्याच जागंवर बोलत न्हाय. हे बोललंय."

"मग तुझा कवडसा खोटा?"

"त्यो बी खरा. दोघं बी खरं असतील तर तिसरंच कायतरी हालतंय की."

श्यामलाबाई तिच्या मागोमाग येऊन दारात उभ्या होत्या. लिंबू आणि कंदील घेऊन त्यांनी मुलींना जे पाठ करून घेतलं होतं, ते त्यांनी स्वतः पुस्तकातून घेतलेलं होतं. या बाईनं ते शेणानं सारवलेल्या जमिनीवरून, बोटाबोटानं, स्वतःची पैज हरून काढलं होतं. त्या रात्रीच त्यांनी प्राध्यापकांना दुसरं पत्र लिहिलं आणि सोबत भोपळ्याचं मोजमाप घेऊन काढलेलं चित्र जोडलं.

आठ दिवस हातोडी टेबलावर पडून होती. घंटा अण्णाप्पा स्वतः देत, घड्याळाकडे बघून. धोंडुबाई झाडायची, सारवायची, आणि साडेबारा वाजता मागल्या बाजूला पाणी भरायला निघून जायची. घंटेचा आवाज तिथंही यायचा, पण तेवढा हातात हंडा असायचा.

नवव्या दिवशी उत्तर आलं. अण्णाप्पांनी ते चौथीच्या वर्गात, भोपळ्यापाशी उभं राहून, धोंडुबाईला बोलावून मोठ्यानं वाचलं. पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट नेमकी गोल नाही. जानेवारीच्या सुमारास ती सूर्याजवळ असते आणि भरभर चालते, जुलैच्या सुमारास लांब असते आणि रमतगमत चालते. शिवाय ती कललेली. म्हणून सूर्य माथ्यावर यायची वेळ वर्षभर मागं-पुढं होते. घड्याळाला असं वागता येत नाही, ते सगळ्या दिवसांची सरासरी धरून चालतं. सूर्यही बरोबर, घड्याळही बरोबर, आणि दोहोंतला फरक जमिनीवर मांडला की असाच आकार उमटतो. शेवटी प्राध्यापकांनी विचारलं होतं की ही निरीक्षणं कुणी घेतली आणि कोणत्या उपकरणानं.

मुली हसल्या. धोंडुबाई पदराचं टोक चावत उभी राहिली. म्हणजे वीस वर्षांची तिची घंटा खोटी नव्हती. हे तिला ऐकायचं होतं तेवढं तिनं ऐकलं होतं. बाकीचं तिनं सोडून दिलं होतं.

अण्णाप्पांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. घड्याळ खरं ठरलं तर घंटा शिपायाकडे जाईल असं मी म्हणालो होतो का नाही, असं त्यांनी तिला विचारलं. म्हणाला होता, ती म्हणाली. मी शब्द फिरवत नाही हे तुला ठाऊक आहे? ठाऊक आहे. मग ते मुलींच्या रांगेत खाली मांडी घालून बसले, वर्षभर दप्तरात पडलेला शिपायाच्या जागेचा छापील अर्ज बाहेर काढला आणि टाक मागवला.

नाव, गाव, नवऱ्याचं नाव त्यांनी विचारून लिहिलं. वय दोघांनी मिळून अंदाजानं ठरवलं. पुढच्या रकान्यात होतं, 'लिहिता-वाचता येते काय?' त्यापुढं अण्णाप्पांनी 'होय' लिहिलं आणि मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

धोंडुबाई घाबरली. "गुरुजी, मला कुठं येतंय? खोटं नका लिवू."

अण्णाप्पांनी टाकाचं टोक जमिनीकडे केलं. एका टोकाला बोराची बी, मग रांगेनं चिंचोके, काही कच्चे, काही भाजलेले.

"हे कुणी लिवलंय मग?"

श्यामलाबाईंनी टेबलावरची हातोडी आणून तिच्या हातात दिली. भिंतीवर लांब काटा सहाच्या जवळ आला होता. धोंडुबाईनं एकदा काट्याकडं पाहिलं, एकदा कवडशाकडं, आणि ती लिंबाकडं घंटा द्यायला गेली.